पाहुण्या यंत्राची नाडी

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेत मुख्य यंत्राइतकेच महत्त्व पहारेकऱ्यांना असते. जमिनीचा कंप, आवाज, चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे सतत जागी हवीत. नाहीतर रस्त्यावरचा ट्रक कोणता आणि कृष्णविवरांची टक्कर कोणती, हे ओळखायचे कसे?

संगणकाच्या जगातही असाच एक पहारेकरी आहे. त्याची हकीकत आज सांगतो.

एका संगणकात अनेक संगणक नांदवण्याची कल्पना जुनी. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमने ती १९६०च्या दशकात साकारली. १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ आले. २००७ मध्ये अवी किविटी यांच्या ‘केव्हीएम’मुळे ही सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच, आली. वाड्यात एका विहिरीवर चार बिऱ्हाडे असावीत, तशी ही आभासी यंत्रे. खरे यंत्र यजमान, आतली सारी पाहुणी.

प्रश्न होता मोजमापाचा. प्रोसेसरमध्ये किती सूचना पार पडल्या, हवी ती माहिती हाताशी नसल्याचे प्रसंग किती आले, हे टिपणारे गणक असतात. २००९ मध्ये लिनक्समध्ये आलेले ‘पर्फ’ ते आकडे वाचते. पण बिऱ्हाडकरूला फक्त नळाची धार बारीक झालेली दिसते. विहिरीवर उपसा कोण करतो, ते दिसत नाही. आणि विहिरीवरच्या माणसाला घरात पाणी कशावर खर्च झाले, ते कळत नाही.

२०१० मध्ये आलेल्या ‘पर्फ केव्हीएम’ने ही कोंडी फोडली. यजमानाच्या जागी बसून, वेळ यजमानाच्या कामात गेला की पाहुण्याच्या, हे सांगता येऊ लागले. पाहुण्याच्या कर्नलची नावसूची पुरवली, की आतल्या कोणत्या कामात तो गेला, हेही समजते. पुढे, पाहुण्याला हातचे काम थांबवून यजमानाकडे किती वेळा आणि कशासाठी धाव घ्यावी लागली, याचीही मोजदाद होऊ लागली.

याचे आपल्याला काय? आज कितीतरी सेवा अशा आभासी यंत्रांवर चालतात. त्या अडल्या, की खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच ऐकू येते आणि गावाहून आलेल्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडते. दोष यजमानाचा, पाहुण्याचा की शेजाऱ्याचा, हे शोधता येते. मात्र त्यासाठी गाभ्यातला पहारेकरी जागा ठेवावा लागतो आणि त्याच्या नोंदी कोणीतरी वाचाव्या लागतात.