पांगारा ते सॅटिन : एका शब्दाचा प्रवास

आठवीच्या इंग्रजीच्या धड्यात ‘सॅटिनी’ हे विशेषण आले. फळ्यावर मी उर्दूत अर्थ लिहिला : मुलायम, चमकदार, अतलसी. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ये लफ्ज आया कहाँ से?” उत्तर शोधताना हिंगोलीहून थेट चीनचा किनारा गाठावा लागला.

‘सॅटिनी’ म्हणजे सॅटिनच्या कापडासारखे तुकतुकीत. हे नाव बहुतेक कोशकार अरबी ‘जैतूनी’शी जोडतात. चीनमधल्या आजच्या क्वानझोऊ बंदराला अरब व्यापारी ‘जैतून’ म्हणत; तिथले कापड ते जैतूनी. दिल्लीच्या मुहम्मद बिन तुघलकाने चीनला धाडलेला इब्न बतूता १३४२ मध्ये निघाला, वाटेत आपल्या दौलताबादेत राहिला आणि पुढे या बंदरात पोहोचला. तिथे विणले जाणारे अतलस शहराच्याच नावाने ओळखले जाते, असे त्याने नोंदवले. गावात जैतुनाची झाडे नाहीत, हेही सांगायला तो विसरला नाही.

मग नाव कसे पडले? शहराचे चिनी नाव होते ‘त्सितुंग’, म्हणजे पांगारा! शिमग्याच्या सुमारास आपल्या शिवारात लाल फुलणारे तेच काटेरी झाड. अरबांच्या कानाला ते ‘जैतून’ वाटले. काटेरी झाडाच्या नावातून इंग्रजीला तुकतुकीतपणाचा शब्द मिळाला.

मराठीने हेच कापड ‘अतलस’ म्हणून घेतले. अरबीत ‘अतलस’चा अर्थच मुळी गुळगुळीत. पुरुषांना शुद्ध रेशीम मना, म्हणून विणकरांनी वर रेशीम आणि अंगाकडे सूत ठेवून अतलसाच्याच विणीचे ‘मशरू’ काढले. मशरू म्हणजे शरीअतला मान्य. हिमरूबरोबर मशरूही औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मागांवर विणले गेले.

आमची मुले मराठी बोलताना मध्येच थबकतात. ‘मुलायम’ म्हणू की नको? हा शब्द आपला की त्यांचा? कुणी हसेल का? त्यांना मी आता पांगाऱ्याची गोष्ट सांगतो. चिनी झाड, अरबी कान, इंग्रजी जीभ. आणि इंग्रजांना तो शब्द परका वाटत नाही. मग अरबीतून आलेला, मराठी घराघरांत रुळलेला ‘मुलायम’ परका कसा? तो वापरायला कुणाची परवानगी कशाला हवी?

बाळांनो, बिनधास्त बोला. मराठी तुमचीही आहे.