तेलाचे गाव उरण

भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांना 'बॉम्बे हाय' शिकवतो. नकाशात मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात एक ठिपका काढायचा, शेजारी 'खनिज तेल' लिहायचे, झाले. त्या ठिपक्यातले तेल जमिनीवर येते ते रायगड जिल्ह्यातल्या उरणला. ते नाव सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. आमचे लिंबागणेश बालाघाटाच्या माथ्यावर. इथे विहीर खोदताना काळा पाषाण लागतो, नशिबात असेल तर पाणी. हाच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड पश्चिमेला समुद्राखालीही पसरला आहे. तिथे त्याच्यावर साचलेल्या चुनखडीत तेल सापडले.

वेळही अशी की देशाला त्याची निकड होती. १९७३ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर तेलाचा भाव काही महिन्यांत पिंपामागे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या आसपास गेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जपानी बनावटीच्या तरत्या यंत्राला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९७८ मध्ये समुद्राच्या तळातून नळ उरणला पोहोचले. पुढे काही वर्षे देशात निघणाऱ्या तेलातला निम्म्याहून जास्त वाटा या एका क्षेत्राचा होता.

त्याआधीचे उरण म्हणजे मिठागरे, भातखाचरे, मासळी. आगरी, कोळी, कोकणी मुसलमान अशी जुनी वस्ती. मुंबईला जायचे तर मोऱ्याहून लाँच धरून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. ओहोटी असली की गाळामुळे खोळंबा. पीरवाडीच्या किनाऱ्यावर दर्गा, आणि आता त्याच परिसरात ओएनजीसीचा प्रकल्प. तेल साठवायचे, वायू वेगळा करायचा, घरगुती गॅस काढायचा, अशी सगळी कामे इथे होतात. वायूवर चालणारे सरकारी वीजकेंद्रही इथेच उभे राहिले.

तेलाने गाव श्रीमंत होते हा समज अमेरिकेतून आलेला. पेनसिल्व्हेनियात १८५९ साली ड्रेकने विहीर खोदली आणि सहा वर्षांत पिटहोल नावाचे शहर रानातून उगवले. १८६५ मध्ये तिथे पंधरा हजारांवर माणसे होती, हॉटेले होती, नाटकगृह होते. विहिरी आटल्या, आगी लागल्या, आणि १८७० च्या शिरगणतीत उरली जेमतेम २३७ माणसे! पण त्या दिवसांत ज्याच्या शेतात तेल लागले तो शेतकरी तरी मालामाल झाला, कारण तिथे जमिनीच्या मालकाचाच खालच्या तेलावर हक्क.

उरणची गोष्ट निराळी. तेल समुद्रातले, आणि राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे समुद्रतळाची संपत्ती केंद्र सरकारची. त्यात गैर काही नाही. तेल साऱ्या देशाचे आहे. मात्र उरणने दिली ती जमीन, आणि जमीन शेतकऱ्याची असते. प्रकल्पासाठी गेली, न्हावा-शेवा बंदरासाठी गेली, सिडकोच्या नव्या मुंबईसाठी गेली. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली असे लोक म्हणतात, आणि आम्हालाही ते खरे वाटते. १९३० च्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातही याच तालुक्यातल्या माणसांनी गोळ्या झेलल्या होत्या. हा मुलूख मुकाट्याने देणाऱ्यांचा नव्हे.

कोळ्यांचे दुःख कमी बोलले जाते. समुद्रातल्या प्रत्येक तेल-मंचाभोवती ५०० मीटरपर्यंत होडीला मज्जाव. आणि धोका शेजारीच नांदतो : ३ सप्टेंबर २०१९ रोजी उरणच्या प्रकल्पात आग लागून चार जण गेले, त्यांत तीन अग्निशमन दलाचे जवान होते.

याच तेलाने कोकणी मुसलमानांचे घर मात्र वेगळ्या दिशेने बदलले. १९७३ नंतर आखातात पैसा आला, बांधकामे निघाली, आणि रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतली तरुण पोरे कुवेत, दुबई, सौदीला गेली. गावोगावी स्लॅबची घरे उठली, मदरसे आणि शाळा झाल्या, बायका एकट्याने संसार ओढू लागल्या. मागून आमच्या मराठवाड्यातलेही गेले. आमच्याकडे आजही दोन वाटा आहेत : दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी गाडी, नाहीतर आखाताचा व्हिसा. पहिलीत मुलांची शाळा बुडते, दुसरीत बाप दोन वर्षे दिसत नाही.

उरणला मुंबईची लोकल १२ जानेवारी २०२४ रोजी आली. तेलाचा नळ येऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षे उलटली होती. त्याच दिवशी शिवडी-न्हावाशेवा सागरी पूलही खुला झाला. जमिनींचे भाव पुन्हा चढले आहेत. मोऱ्याची लाँच अजून सुटते.