धारक भिंत

धारक भिंत म्हणजे एका बाजूची उंच माती, मुरूम किंवा भराव त्याच्या नैसर्गिक उतारापेक्षा अधिक उभा राहावा यासाठी बांधलेली भिंत होय. बांधकाम खात्याच्या व्यवहारात तिला संरक्षक भिंत किंवा रिटेनिंग वॉल असेही म्हणतात. रस्त्याचा भराव, पुलाच्या दोन्ही टोकांचे चढ, तलावाच्या सांडव्याच्या बाजू, नदीकाठ आणि खाणीतील मातीचे ढिगारे अशा ठिकाणी या भिंती आढळतात. केवळ आवार वेढणाऱ्या कुंपण भिंतीवर मातीचा आडवा दाब नसतो. धारक भिंतीवर तो कायम असतो. म्हणून कुंपणासाठी बांधलेल्या भिंतीमागे नंतर भराव टाकणे धोकादायक ठरते.

प्रकार

गुरुत्व भिंत दगडी किंवा साध्या काँक्रीटची असते आणि केवळ स्वतःच्या वजनावर उभी राहते. तिच्या तळाची रुंदी साधारणतः उंचीच्या ०.५ ते ०.७ पट ठेवतात. कँटिलिव्हर भिंत प्रबलित काँक्रीटची असते. तिच्या तळपट्टीच्या मागील भागावर बसलेली मातीच तिला स्थिर ठेवण्यास मदत करते. सुमारे ६ मीटरपर्यंत हा प्रकार किफायतशीर असतो. त्याहून अधिक उंचीसाठी मागील बाजूस ठरावीक अंतरावर आधारपट्ट्या देऊन काउंटरफोर्ट भिंत बांधतात. तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून रचलेली गॅबियन भिंत लवचिक असते व तिच्यातून पाणी सहज निघून जाते.

मातीचा दाब

भिंत किंचित पुढे झुकली की तिच्यामागील मातीची एक पाचर सुटून भिंतीवर रेलते. या अवस्थेतील दाबास सक्रिय दाब म्हणतात. फ्रेंच अभियंता शार्ल ऑगुस्तँ द कुलाँ याने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, तर स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन याने १८५७ मध्ये या दाबाचे गणित मांडले. आजही प्राथमिक संकल्पन याच दोन सिद्धांतांवर होते.

रँकिनच्या पद्धतीनुसार मातीच्या अंतर्गत घर्षणकोनावरून दाबाचा गुणांक मिळतो. कोन ३० अंश असल्यास गुणांक एक तृतीयांश येतो, म्हणजे उभ्या दाबाचा तिसरा हिस्सा आडवा लागू होतो. खोलीबरोबर दाब सरळ रेषेत वाढतो. त्यामुळे एकूण दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तळापासून उंचीच्या एक तृतीयांशावर कार्य करतो. उंची दुप्पट झाल्यास दाब चौपट आणि उलथवणारे परिबल आठपट होते.

स्थिरतेच्या चाचण्या

भिंत चार प्रकारे निकामी होऊ शकते. त्या प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

१. उलथणे : पायाच्या पुढील कडेभोवती घेतलेले स्थिर ठेवणारे परिबल हे उलथवणाऱ्या परिबलापेक्षा पुरेसे अधिक असावे. रूढ पद्धतीत हा सुरक्षा गुणक किमान २ घेतात.

२. सरकणे : तळाखालील घर्षण आडव्या दाबापेक्षा अधिक असावे. येथे सुरक्षा गुणक सामान्यतः १.५ घेतात. भिंतीपुढील मातीचा विरोध बहुधा हिशेबात धरत नाहीत, कारण ती माती पुराने वाहून जाऊ शकते किंवा गटारासाठी खोदली जाऊ शकते.

३. पायाखालील दाब : कडेवरील कमाल दाब जमिनीच्या सुरक्षित भारक्षमतेपेक्षा कमी असावा. सर्व बलांचे फलित तळाच्या मधल्या तृतीयांशात पडल्यास संपूर्ण तळ जमिनीला टेकून राहतो.

४. खोल घसरण : भिंत शाबूत राहूनही तिच्याखालील मृदू थरातून संपूर्ण उतार घसरू शकतो. त्यासाठी भिंतीसह उताराची स्वतंत्र तपासणी करतात.

भारतीय मानक ४५६ : २००० मध्ये स्थिरतेच्या अटी थोड्या वेगळ्या रीतीने दिल्या आहेत. त्यात स्थिर ठेवणाऱ्या स्थायी भाराचा केवळ ०.९ भाग धरून सरकण्याविरुद्ध १.४ गुणक मागितला आहे. डोंगराळ भागातील धारक भिंतींसाठी भारतीय मानक १४४५८ ही स्वतंत्र मार्गदर्शिका आहे.

सोडवलेले उदाहरण

४ मीटर उंचीची दगडी गुरुत्व भिंत घेऊ. माथ्याची रुंदी ०.६ मीटर, तळाची २.२ मीटर, मागील बाजू उभी व पुढील बाजू उतरती आहे. बांधकामाचे वजन दर घनमीटरला २२ किलोन्यूटन, मुरमाच्या भरावाचे १८ किलोन्यूटन, घर्षणकोन ३० अंश आणि तळाचा घर्षण गुणांक ०.६ धरू. हिशेब भिंतीच्या १ मीटर लांबीचा आहे.

मातीचा दाब : ½ × ⅓ × १८ × ४ × ४ = ४८ किलोन्यूटन
उलथवणारे परिबल : ४८ × १.३३ = ६४ किलोन्यूटन-मीटर
भिंतीचे वजन : ५२.८ + ७०.४ = १२३.२ किलोन्यूटन
स्थिर ठेवणारे परिबल : (५२.८ × १.९) + (७०.४ × १.०६७) = १७५.४ किलोन्यूटन-मीटर
उलथण्याविरुद्ध गुणक : १७५.४ ÷ ६४ = २.७४
सरकण्याविरुद्ध गुणक : (०.६ × १२३.२) ÷ ४८ = १.५४

फलित पुढील कडेपासून ०.९ मीटरवर, म्हणजे मधल्या तृतीयांशात पडते. पायाखालील दाब पुढील कडेस सुमारे ८६ आणि मागील कडेस २६ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर येतो. कोरड्या भरावासाठी ही भिंत सुरक्षित आहे.

आता हीच भिंत पावसाळ्यात पाहू. पाणी निघण्याची वाट बंद होऊन भराव माथ्यापर्यंत भरला असे समजू. पाण्यात बुडालेल्या मातीचे प्रभावी वजन दर घनमीटरला सुमारे १० किलोन्यूटन राहते, म्हणून मातीचा दाब २६.७ किलोन्यूटनपर्यंत घटतो. मात्र पाण्याचा स्वतःचा दाब ८० किलोन्यूटन होतो. पाण्याला अंतर्गत घर्षण नसल्याने त्याचा दाब पूर्णच्या पूर्ण आडवा लागू होतो. एकूण दाब १०६.७ किलोन्यूटन, म्हणजे आधीच्या २.२ पट झाला. उलथण्याविरुद्ध गुणक १.२३ व सरकण्याविरुद्ध ०.६९ उरतो. गुणक १ पेक्षा कमी असल्याने भिंत जागेवर राहू शकत नाही. तळाखालून वर लागणारा पाण्याचा दाब या हिशेबात धरलेलाही नाही.

भिंतीलगत रस्ता असेल तर वाहनांचा भार सुमारे १.२ मीटर जाडीच्या मातीइतका धरण्याची पद्धत आहे. त्यामुळे वरील भिंतीवर आणखी २८.८ किलोन्यूटन दाब येतो. त्यासाठी तळ रुंद करावा लागतो किंवा तळाखाली काँक्रीटचा आडवा दात काढावा लागतो.

पाण्याचा निचरा

भिंतीमागे ३० ते ४५ सेंटिमीटर जाडीचा गिट्टी व जाड वाळूचा गाळणी थर देतात. भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची पाझर छिद्रे सुमारे १ ते १.५ मीटर अंतरावर, बाहेरच्या बाजूस उतार देऊन ठेवतात. भरावाच्या माथ्यावर पक्के गटार काढून पावसाचे पाणी आत मुरण्यापूर्वीच वळवतात. एकूण खर्चाच्या तुलनेत हे काम थोडे असते. परंतु वरील उदाहरणातील १.५४ आणि ०.६९ यांतील अंतर त्यानेच ठरते.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील परिस्थिती

या दोन्ही जिल्ह्यांत बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. गडचिरोलीत वार्षिक सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक आहे. त्यामुळे येथे कोरड्या भरावाचे गणित अपुरे ठरते.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील वरोरा, भद्रावती, राजुरा व कोरपना तालुक्यांत काळी माती आढळते. ती ओलाव्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीमागे तीच माती भरल्यास फुगण्याचा अतिरिक्त दाब येतो आणि भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी थेट तळापर्यंत उतरते. म्हणून भिंतीलगत मुरमाचा भराव घालतात. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे १ मीटरचा थर देण्याची पद्धत मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांनी विकसित केली.

पूर्वेकडील नागभीड, सिंदेवाही, मूल व सावली हा धानाचा व तलावांचा प्रदेश आहे. घोडाझरी व आसोलामेंढा हे येथील मोठे तलाव होत. तलावाच्या सांडव्यालगतच्या भिंतीमागे माती दीर्घकाळ ओली असते. तलावाची पातळी झपाट्याने उतरल्यास पुढील पाण्याचा आधार जातो, पण मागील पाणी तितक्या लवकर निघत नाही. तपासणी या प्रतिकूल अवस्थेसाठी करावी लागते.

चंद्रपूर परिसरातील खुल्या कोळसा खाणींत वरची माती व खडक काढून त्यांचे उंच ढिगारे रचले जातात. ढिगाऱ्याची माती पावसात वाहून नदी-नाल्यांत जाऊ नये यासाठी पायथ्याशी धारक भिंत व सभोवती गटार काढतात. ही भिंत पायथ्याची माती अडवते. संपूर्ण ढिगारा घसरू लागल्यास ती त्याला रोखू शकत नाही. ढिगाऱ्याची स्थिरता त्याचा उतार व टप्प्यांची उंची यांवर अवलंबून असते.

गडचिरोलीत वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा इत्यादी नद्यांच्या पुरात पुलांच्या टोकांकडील भिंतींचा पाया उघडा पडण्याची भीती असते. पाया धुपेच्या खोलीखाली नेणे आणि पुढे दगडांचे पिचिंग करणे हे त्यावरील उपाय होत. वाळूच्या पायाचा धोका सिरोंचा तालुक्याच्या सीमेवर, गोदावरीवरील मेडीगड्डा बंधाऱ्यात दिसून आला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या बंधाऱ्याचे काही खांब २१ ऑक्टोबर २०२३ रोजी खचले. बंधारा ही धारक भिंत नसली, तरी पायाखालची वाळू सरकल्यास वरचे भक्कम काँक्रीटही उपयोगी पडत नाही, हे तत्त्व दोन्हींना लागू आहे.

दुर्घटना

२९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे पावसात सोसायटीची भिंत पायथ्याशी असलेल्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले. २ जुलै २०१९ च्या पहाटे मुंबईतील मालाड येथे अतिवृष्टीत जलाशयाच्या आवाराची भिंत पिंपरीपाड्यातील घरांवर कोसळली आणि अनेकांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणी लोक भिंतीच्या खालच्या अंगास झोपलेले होते.

देखभाल व धोक्याची चिन्हे

भिंतीला मध्यभागी पोट येणे, माथा पुढे झुकणे, भरावावर भिंतीला समांतर लांब भेग पडणे आणि सांध्यांत पिंपळ-उंबराची मुळे शिरणे ही धोक्याची चिन्हे आहेत. पाझर छिद्रांतून स्वच्छ पाणी वाहत असल्यास निचरा चालू आहे असे समजावे. गढूळ पाणी येत असल्यास भराव आतून धुपत असतो. भर पावसात सर्व छिद्रे कोरडी असतील, तर ती बुजली आहेत का हे तत्काळ तपासावे लागते. छिद्रांची सफाई दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी करणे आवश्यक असते.