देवीची लस एकाला, संसर्ग दुसऱ्याच्या डोळ्याला

देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. देवीची लस मात्र इतिहासजमा झाली नाही. ही लस नुकतीच टोचलेल्या व्यक्तीच्या निकट सहवासातील माणसाला, त्याने स्वत: लस घेतलेली नसतानाही, डोळ्याचा संसर्ग होऊ शकतो. वैद्यकीय परिभाषेत त्यास ‘ऑक्युलर व्हॅक्सिनिया’ म्हणतात. हा प्रकार दुर्मिळ असला तरी संसर्ग बुबुळावरील पारदर्शक पटलापर्यंत, म्हणजे कॉर्नियापर्यंत पोहोचल्यास दृष्टी कायमची अधू होण्याचा धोका असतो.

या जुन्या पद्धतीच्या लशीत देवीचा विषाणू नसतो. त्याच कुळातील, पण सौम्य असा ‘व्हॅक्सिनिया’ नावाचा जिवंत विषाणू त्यात असतो. दुतोंडी सुईने दंडावर अनेकदा टोचून तो त्वचेत सोडला जातो. तीन-चार दिवसांत तेथे पुळी उठते, आठ ते दहा दिवसांत ती पूने भरते आणि साधारण दोन ते तीन आठवड्यांनी खपली गळून पडते. तोवर त्या जखमेत जिवंत विषाणू असतो. जखमेला किंवा तिच्यावरील पट्टीला लागलेला हात, एकच टॉवेल, अंथरूण किंवा न धुतलेले कपडे यांवाटे तो दुसऱ्यापर्यंत पोहोचतो आणि तोच हात नकळत डोळ्याला लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचा हात तर दिवसातून कितीदा तरी डोळ्याकडे जातो.

अमेरिकेत सामान्य नागरिकांना ही लस देणे १९७२ मध्ये बंद झाले होते. जैविक हल्ल्याच्या भीतीने डिसेंबर २००२ मध्ये तेथील लष्करात ती पुन्हा सुरू करण्यात आली आणि हा विसरलेला विषय डॉक्टरांपुढे आला. जानेवारी २००४ पर्यंत ५ लाख ७८ हजारांहून अधिक जवानांना लस टोचण्यात आली. त्यांच्यापासून इतरांना संसर्ग झाल्याचा संशय ३० जणांबाबत आला. त्यांपैकी १८ प्रकरणे प्रयोगशाळेत सिद्ध झाली आणि दोघांच्या डोळ्यांना बाधा झाली होती. संशयित रुग्णांत सर्वाधिक संख्या जवानांच्या पती-पत्नींची होती. आकडा अर्थातच लहान आहे. मात्र, लशीचे धोके ऐकून घेऊन तिला संमती देणारा एक आणि डोळा गमावण्याची भीती दुसऱ्याला, हा पेच आकड्याने सुटत नाही.

पापणीवर पुरळ, सूज, लाली, पाणी येणे ही सुरुवातीची लक्षणे. त्यामुळे नेहमीचे ‘डोळे आले’ असे समजून दुर्लक्ष होण्याची शक्यता अधिक. वेदना, प्रकाश सहन न होणे किंवा धूसर दिसणे ही कॉर्नियाला बाधा झाल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी घरात कोणी देवीची लस घेतली आहे का, हा साधा प्रश्न निदानाची दिशा बदलू शकतो. उपचारासाठी ट्रायफ्लुरिडिनसारखे विषाणूरोधक थेंब वापरले जातात. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालणे घातक ठरू शकते. व्हॅक्सिनियाविरोधी प्रतिपिंडांचे इंजेक्शनही सरसकट देत नाहीत. केवळ कॉर्नियाला बाधा असल्यास त्याने व्रण वाढण्याची शक्यता मानली जाते.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. जखम पट्टीने व वर बाहीने झाकणे, तिला हात लागल्यास लगेच साबणाने धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि गळालेली खपली बंद पिशवीतून टाकणे एवढे पुरते. शरीरात वाढू न शकणाऱ्या विषाणूपासून बनविलेल्या ‘जिनिओस’ या नव्या लशीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यामुळे दंडावर अशी जखम होत नाही आणि सहवासातील व्यक्तींना संसर्गही होत नाही.

भारत १९७७ मध्ये देवीमुक्त घोषित झाला. ज्यांनी त्यापूर्वी ‘देवी काढून घेतल्या’, त्यांच्या दंडावरील जुन्या व्रणांपासून कोणालाही संसर्ग होत नाही. आजच्या तरुणांच्या दंडावरील खूण बहुधा क्षयरोगप्रतिबंधक बीसीजी लशीची असते. तिचा व्हॅक्सिनियाशी काहीही संबंध नाही. महाराष्ट्रात या विषाणूचा नातेवाईक भेटतो तो गोठ्यात. म्हशींना होणाऱ्या देवीचा विषाणू व्हॅक्सिनियाचाच जवळचा प्रकार असून, बाधित म्हशीची धार काढणाऱ्यांच्या हातांवर तशाच पुळ्या उठतात.