माशाला संधी देणारा दिवस

खोल समुद्रात हौशी मासेमारीला जायचं ठरलं की आदल्या रात्री यादी होते: हवामान, वारा, आमिष, बर्फ, इंधन, दोरा किती जाड. या यादीत एक कलम असं आहे, ज्याचा पोटासाठी मासे मारणाऱ्या कोळ्याने कधी विचारच केला नसता. माशाला निसटायची संधी किती द्यायची?

हा प्रश्न नियमात बसवला गेला तो कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटावर. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हा निसर्गअभ्यासक 1886 साली तिथल्या अ‍ॅव्हलॉन गावी आला. पर्यटक जाड दोऱ्या हातात धरून मोठमोठे मासे खेचत होते आणि खाल्ले न जाणारे तसेच टाकून देत होते. होल्डरला हे खटकलं. त्याने रॉड आणि रीळ घेऊन तिथेच मासेमारी सुरू केली.

1 जून 1898 रोजी त्याच्या गळाला ब्लूफिन ट्यूना लागला. हा आपल्याकडच्या कुप्याचा थोरला भाऊबंद. पावणेचार तास झुंज चालली. मासा भरला 183 पौंड, म्हणजे 83 किलो. त्याच वर्षी होल्डरने ‘ट्यूना क्लब’ काढला. नियम साधे होते: दोरा ठरावीक जाडीपेक्षा जास्त नको, मासा स्वतःच ओढायचा, दुसऱ्याची मदत नाही. शंभर पौंडांवरचा ट्यूना असा पकडला, तर कोटावर लावायला निळं बटण. एका बटणासाठी श्रीमंत माणसं दिवसेंदिवस उन्हात करपायची!

मग दिवसाची आखणीच बदलली. दोरा बारीक, म्हणजे घाई चालणार नाही. तास न् तास टिकायची तयारी हवी. त्या काळच्या रिळांना नीट ब्रेक नसे. मासा पळाला की मूठ उलटी गरगरायची आणि बोटं सोलपटायची. बोटीच्या आवाजाने ट्यूना बुजायचा. म्हणून जॉर्ज फार्न्सवर्थ या नावाड्याने चक्क पतंग उडवला. पतंगाला अडकवलेला उडता मासा बोटीपासून लांब, लाटांवर उड्या मारत जायचा. 1913 साली त्याच्याच बोटीवरून विल्यम बोशेनने 355 पौंडांचा ब्रॉडबिल स्वोर्डफिश पकडला. रॉड आणि रिळावर पकडलेला हा पहिला ब्रॉडबिल मानला जातो. त्याच्या रिळात आतून ब्रेक होता.

पुढे 1939 साली न्यूयॉर्कच्या ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि असे नियम जगभर गेले. झुंज चालू असताना दुसऱ्या कुणी रॉडला हात लावला, तर तो विक्रम बाद.

पण खरं बोलायचं तर संधी मिळूनही हरलेला मासा मरायचाच. धक्क्यावर उलटा टांगायचा, शेजारी उभं राहून फोटो काढायचा, संपलं. होल्डरने वाया जाणाऱ्या माशांसाठी सुरू केलेला खेळ इथे स्वतःच अडकला होता.

वाट निघाली 1954 मध्ये. वुड्स होलचा शास्त्रज्ञ फ्रँक मॅथर हौशी मच्छीमारांना खुणेच्या पट्ट्या देऊ लागला: मासा पकडा, पट्टी टोचा, सोडून द्या. 1960 च्या दशकात बहामाजवळ पट्टी लावून सोडलेले ब्लूफिन नॉर्वेच्या किनाऱ्यावर सापडले. हा मासा अख्खा अटलांटिक ओलांडतो, याचा तो धडधडीत पुरावा होता.

तो मिळाला, कारण कुणीतरी सकाळी निघतानाच ठरवलं होतं की आज रिकाम्या हाताने परतायचं.