सुकडीपासून दंडघेरापर्यंत : पोषण कार्यक्रमांच्या यशाची मापे

दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय मदतीतून किंवा केंद्रीय अनुदानातून भारतात अन्नवाटपाचे आणि बालपोषणाचे जे कार्यक्रम उभे राहिले, त्यांच्या यशापयशाची चर्चा बहुधा कुपोषणाच्या टक्केवारीभोवती फिरते. ती टक्केवारी कोणत्या मापाने काढली आणि ते माप मुळात कोणत्या कामासाठी तयार झाले होते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. महाराष्ट्राच्या बाबतीत तो टाळता येत नाही, कारण गेल्या पन्नास वर्षांत येथे माप वारंवार बदलले आणि मापाबरोबर कुपोषणाचे चित्रही बदलत गेले.

आरंभीच्या काळात मोजले जात होते ते अन्न. अमेरिकेने १९५४ साली संमत केलेल्या पी. एल. ४८० या कायद्याखाली तेथील शिलकी धान्य भारतात येऊ लागले आणि त्यातील काही भाग ‘केअर’सारख्या संस्थांमार्फत शाळांत व बालकेंद्रांत वाटला जाऊ लागला. देणाऱ्याला आपल्या संसदेपुढे हिशेब द्यायचा होता तो धान्याचा, त्यामुळे किती टन आले, किती लाभार्थ्यांना मिळाले आणि किती वाया गेले, एवढ्या नोंदींवर अहवाल पुरा होत असे. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, आणि सुकडी हा पौष्टिक पिठाचा खाऊ यांचे वाटप झाले, तेव्हा ही पद्धत गैर नव्हती. दुष्काळात अन्न वेळेवर पोचणे हेच यश असते. अडचण पुढे आली. १९७०-७१ मध्ये सुरू झालेला विशेष पोषण कार्यक्रम आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत आरंभलेली एकात्मिक बालविकास सेवा योजना हे दुष्काळ-निवारणाचे उपाय नव्हते, मुलांची वाढ सुधारणे हा त्यांचा घोषित हेतू होता. तरीही त्यांच्या मासिक अहवालांत लाभार्थ्यांची संख्या आणि आहार दिल्याचे दिवस हेच रकाने दीर्घकाळ वरचढ राहिले. बालकाला रोज ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने द्यावीत असा निकष ठरला, आणि तो पाळला गेला की काम झाले असे मानण्याकडे यंत्रणेचा कल राहिला.

मुलाचे वजन यशाचे माप म्हणून पुढे आले ते वेगळ्याच वाटेने. मेक्सिको सिटीतील बालरोगतज्ज्ञ फेदेरिको गोमेझ यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांपैकी कोणाच्या जिवाला किती धोका आहे हे ओळखण्यासाठी वयानुसार अपेक्षित वजनाच्या टक्केवारीवर एक वर्गवारी केली होती, जी १९५६ साली इंग्रजीत प्रसिद्ध होऊन जगभर पोचली. खाटेवरच्या रुग्णाचे भवितव्य सांगण्यासाठी केलेले हे माप पुढे गावेच्या गावे मोजण्यास वापरले गेले. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ मध्ये त्याच धर्तीवर स्वतःची वर्गवारी आखली: अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन म्हणजे सर्वसाधारण, आणि त्याखाली दर दहा टक्क्यांमागे एक अशा चार श्रेणी. अंगणवाडीच्या नोंदवहीतील ‘श्रेणी ३ व ४ ची बालके’ हा शब्दप्रयोग येथून आला. यातील ‘अपेक्षित वजन’ बॉस्टनमधील मुलांच्या मोजणीवरून घेतलेल्या हार्वर्ड प्रमाणातले होते, ही बाब सहसा कोणी बोलून दाखवीत नसे.

वजन वाढले तरी ते अन्नामुळेच वाढले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलनेची गावे लागतात, आणि असा प्रयत्न भारतात पंजाबमधील नारंगवाल येथे साठीच्या दशकाच्या अखेरीस झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या या प्रकल्पात काही गावांना पूरक आहार, काहींना संसर्गजन्य आजारांवर उपचार, काहींना दोन्ही देण्यात आले आणि काही गावे केवळ तुलनेसाठी ठेवली गेली. आहार मिळालेल्या गावांतील मुले वजनाने व उंचीने थोडी सरस ठरली, तर बालमृत्यू कमी होण्यात वैद्यकीय सेवेचाही वाटा स्पष्ट दिसला. पुढे जॉर्ज बीटन आणि हुसेन घासेमी यांनी जगभरच्या पूरक आहार कार्यक्रमांचा १९८२ साली आढावा घेतला, तेव्हा मुलांच्या वाढीवरील परिणाम अपेक्षेपेक्षा बराच अल्प आढळला; मुलासाठी दिलेल्या अन्नाचा बराच भाग घरातील इतरांत वाटला जातो किंवा त्याच्या घरच्या जेवणाची जागा घेतो, हे त्याचे एक कारण होते. गरीब घरात आलेले अन्न सर्वांनी वाटून खाणे ही कार्यक्रमाच्या हिशेबात ‘गळती’ ठरते. कुटुंबाच्या हिशेबात ती गळती नसते, आणि लेखकद्वयानेही केवळ वजन पाहिल्याने असे अन्य लाभ नजरेआड होतात हे नोंदवले होते.

मापाच्या प्रश्नावरचा सर्वांत मूलगामी वाद पुण्यात झाला, आणि तोही जन्माने सातारा जिल्ह्याच्या दोन विद्वानांमध्ये. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ च्या आपल्या प्रसिद्ध अभ्यासात दरडोई दररोज २२५० कॅलरी हा आधार धरून दारिद्र्यरेषा आखली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुखपद भूषवून पुण्यात परतलेले पां. वा. सुखात्मे यांना असा सरासरीचा आधार मान्य नव्हता. निरोगी माणसाचे खाणेही दिवसागणिक कमी-अधिक होत असते आणि शरीर त्या चढउताराशी जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या बरीच खालची मर्यादा ओलांडून घसरणाराच कुपोषित समजावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दूषित पाणी आणि वारंवारचे जुलाब यांमुळे खाल्लेले अंगी लागत नाही, तेव्हा नुसते अन्न वाढवून भागणार नाही, हा त्याला जोडलेला दुसरा मुद्दा होता. १९८१-८२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर दांडेकरांनी त्याचा कसून प्रतिवाद केला: गरिबाचे कमी खाणे त्याच्या उत्पन्नाशी जखडलेले असते, शारीरिक चढउतार म्हणून ते बाजूला काढता येत नाही. याच सुमारास अमेरिकी अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी लहान चणीची माणसे निरोगीही असू शकतात असा सिद्धान्त मांडला आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी, खुजेपणा निरोगी ठरवणे म्हणजे त्याला जन्म देणारी गरिबीही मान्य करणे, अशा आशयाचा तीव्र विरोध नोंदवला. संख्याशास्त्राच्या परिभाषेत चाललेल्या या वादाचे फलित साधे होते. रेषा खाली आणली की कुपोषितांची संख्या घटते, आणि त्यासाठी एकही घास वाढावा लागत नाही. पाण्याविषयीचा सुखात्म्यांचा मुद्दा मात्र पुढील संशोधनाने उचलून धरला, हेही त्यांच्या पारड्यात टाकले पाहिजे.

रेषा हलली की काय होते, याचा प्रत्यय महाराष्ट्राला या शतकात आला. मेळघाट आणि नंदुरबारमधील बालमृत्यूंवरून झालेल्या टीकेच्या पार्श्वभूमीवर, युनिसेफच्या साहाय्याने, २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन औरंगाबादेत स्थापन झाले, आणि श्रेणी ३ व ४ ची बालके कमी करणे हे त्याचे आरंभीचे मुख्य लक्ष्य होते. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील निरोगी, स्तनपानावर वाढलेल्या मुलांच्या मोजणीवरून २००६ मध्ये नवी प्रमाणे प्रसिद्ध केली आणि भारताने ती २००८ पासून स्वीकारली. एक वर्षाचा, साडेसहा किलोचा मुलगा जुन्या वर्गवारीत श्रेणी २ मध्ये बसत असे. नव्या प्रमाणात तो तीव्र कमी वजनाचा ठरला. उलट ७.९ किलोचा मुलगा जुन्या मापाने सौम्य कुपोषित होता, तो आता सर्वसाधारण झाला. परिणामी तीव्र कुपोषितांचा आकडा फुगला आणि एकूण कुपोषितांचा उतरला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या भाषणांना सोयीचा पुरावा एकाच बदलातून मिळाला.

यशाचा सर्वाधिक गाजावाजा झाला तो उंचीच्या मापावर. वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुजेपणा, जो दीर्घकाळच्या कुपोषणाचा निदर्शक आहे, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे लुकडेपणा, जो अलीकडच्या उपासमारीचा किंवा आजाराचा; हा भेद जॉन वॉटरलो यांनी १९७२ मध्ये रूढ केला. राज्यात २०१२ साली झालेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात दोन वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २००५-०६ च्या सुमारे ३९ टक्क्यांवरून एक चतुर्थांशाच्या खाली आल्याचे आढळले आणि महाराष्ट्राची वाटचाल आदर्श म्हणून गणली गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मात्र हे चित्र गुंतागुंतीचे केले. पाच वर्षांखालील मुलांतील खुजेपणा २००५-०६ मधील ४६.३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४.४ पर्यंत घटला खरा, पण त्याच अवधीत लुकडेपणा १६.५ वरून २५.६ टक्क्यांवर गेला. पुढच्या फेरीत लुकडेपणा तेथेच राहिला आणि खुजेपणा ३५.२ टक्क्यांवर आला. सर्वेक्षण पावसाळ्यात झाले की सुगीनंतर, यावरही लुकडेपणाचा आकडा हलतो, तेव्हा या वाढीतली किती खरी हे निव्वळ या तुलनेतून ठरत नाही. पण खुजेपणाची घट ही पोषण सुधारल्याची सरसकट पावती नव्हती, एवढे निश्चित.

सर्वेक्षणांचे आकडे आणि अंगणवाडीच्या नोंदी यांतील तफावत हा तर जुनाच विषय आहे. वजन घेणारी, आहार देणारी आणि अहवाल भरणारी व्यक्ती एकच असते, आणि कुपोषित बालके वाढलेली दिसली तर जाब तिलाच द्यावा लागतो. अशा रचनेत नोंदवहीतले आकडे सौम्य राहणे स्वाभाविक होते. तीव्र कुपोषित बालक चटकन ओळखता यावे म्हणून दंडघेर मोजण्याची पट्टी आली, जिच्यावर ११.५ सेंटिमीटरखालचा भाग लाल असतो, आणि अंदाजपंचे नोंदीला थोडा आळा बसला. २०२१ मध्ये केंद्र शासनाने ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर सर्व माहिती भरणे सुरू केले, तेव्हा महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट ठरलेले शासकीय मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, आणि ज्यावर मुलांचे वजन-उंची नोंदवायची ते ॲप मराठीत नाही, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती.