काँक्रीटच्या जमिनीवर लाकडी पट्टी कशी बसवायची?

आंबेगाव तालुक्यातलं तळेघर हे भीमाशंकरच्या वाटेवरचं, मुसळधार पावसाचं गाव. अशा ठिकाणी काँक्रीटवर थेट लाकूड ठोकलं, तर ते कुजू शकतं. कारण काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून जमिनीतली ओल वर चढते. मग बुरशी, वाळवी लागते.

आधी तपासा : प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. खाली थेंब दिसले, तर जमीन कोरडी होईपर्यंत थांबा.

लाकडाला वाळवीरोधक औषध लावा, खाली जाड प्लास्टिक अंथरा. साधा खिळा वाकतो; म्हणून हॅमर ड्रिलने स्क्रूपेक्षा थोडं खोल भोक पाडा, गिट्टी बसवून स्क्रू आवळा. भोकातली धूळ आधी काढा, नाहीतर गिट्टी पकड घेत नाही. खालून वायर किंवा पाइप गेलेला नाही ना, हेही पाहा.